भिंतीवरचे अमेरिकन, खिशातले स्विस

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला असलेल्या एका देशमुखी वाड्याच्या दिवाणखान्यात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर, काळवंडलेल्या तसबिरींच्या बरोबर मधोमध, शिसवी रंगाचे, माथ्यावर कोरीव मुकुट धारण केलेले आणि उदरात पितळी लंबक बाळगणारे एक भले मोठे घड्याळ दृष्टीस पडते. आणि पाहुण्याने पाण्याचे भांडे खाली ठेवावे न ठेवावे, तोच घरातील वयोवृद्ध गृहस्थ त्याची ओळख करून देतात. ‘अजी, सुईस घड्याय हाये थे,’ ते म्हणाले, ‘आमच्या आबाजीनं कापसाच्या पैशात मंबईहून आनलं. आता किंमत काय करता त्याची!’

किंमत करण्यासाठीच मला बोलावले होते. तिवईवर चढून मी काचेचे दार उघडले, लंबक हलकेच हुकावरून काढला, तबकडीचे स्क्रू सैल केले आणि आतील यंत्राच्या पितळी पाठीवर विजेरीचा झोत टाकला. तेलाच्या काळ्या थराखाली इंग्रजी अक्षरे होती, आणि बोटाने थर पुसताच ती स्पष्ट झाली: ‘अन्सोनिया क्लॉक कंपनी, न्यूयॉर्क’. पेटीच्या आतल्या फळीवर चिकटवलेला, वाळवीने निम्मा खाल्लेला कागदही तीच ग्वाही देत होता. घड्याळ अस्सल होते, जुने होते, अजून टोले देत होते. परंतु स्वित्झर्लंडचा आणि त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

हा प्रसंग अपवादात्मक असता तर त्याचा उल्लेख करण्याचे प्रयोजन नव्हते. पण अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतील जी जी ‘स्विस’ भिंतघड्याळे मला आजवर दाखवण्यात आली, त्यांपैकी एकही स्विस निघाले नाही. काही अन्सोनिया वा सेथ थॉमस या अमेरिकी कारखान्यांची होती, काहींवर जर्मनीतील श्रामबर्ग गावच्या युंगहान्स कारखान्याची आठ टोकांची तारका होती, एक सायलेशियातील गुस्टाव बेकर यांचे होते, आणि एक तर चक्क जपानच्या सेइकोशाचे निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्यातून दातेरी चक्रे ठशाने कापून काढून घड्याळे हजारांनी तयार करण्याची कला अमेरिकेने सिद्ध केली व जर्मनीने ती उचलली. स्वस्त, टिकाऊ आणि दिसण्यात भारदस्त असा तो माल बोटींवाटे मुंबईस उतरे आणि तेथून रेल्वेने आपल्या मुलखात पोचे. मनोऱ्यांवरील प्रचंड घड्याळे बहुधा इंग्रजांची असत. मुंबईच्या, १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यातले घड्याळ लंडनच्या लुंड आणि ब्लॉकली यांचे आहे. ज्या पक्षिघड्याळातून दर तासाला लाकडी कोकिळा डोके बाहेर काढते आणि जे स्वित्झर्लंडचे म्हणून जगभर मिरवते, तेसुद्धा मूळचे जर्मनीतील श्वार्झवाल्डच्या अरण्यप्रदेशाचे. भिंतीवर अमेरिकन किंवा जर्मन, मनोऱ्यात इंग्रज, अशी ही वाटणी झाल्यावर स्विस माणसासाठी उरला तो खिसा, आणि पुढे मनगट. तेथे मात्र त्याचे राज्य जवळजवळ निर्वेध चालले.

टेबलावर ठेवण्याजोगी स्विस घड्याळे मुळीच नव्हती असे नव्हे. नशातेल परगण्यातील कमरेशी निमुळती, फुलांच्या रंगकामाने नटलेली अठराव्या शतकातील घड्याळे त्या देशाचे भूषण मानली जातात, आणि आठ दिवसांतून एकदा किल्ली लागणारी छोटी गजराची घड्याळे तर विसाव्या शतकात तेथून पुष्कळ बाहेर गेली. त्यांतील एका अजब घड्याळाचा मोह आवरत नाही. झां-लेऑन रॉयटर या अभियंत्याने १९२८ च्या सुमारास रचलेल्या आणि पुढे लेकूल्त्र कारखान्याने पूर्णत्वास नेलेल्या ‘अॅटमॉस’ या घड्याळास किल्लीच लागत नाही. त्याच्या पोटातील बंद डबीत एक वायू कोंडलेला असतो, हवा तापली की डबी फुगते, निवली की आक्रसते, आणि त्या श्वासोच्छ्वासाने कमान गुंडाळली जाते. तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी हे यंत्र सुमारे दोन दिवस चालते. जिथे सकाळ आणि दुपार यांत पंधरा अंशांचे अंतर पडते त्या आपल्या अकोल्यात या घड्याळाने उपाशी मरण्याची धास्ती कधी बाळगू नये!

परंतु वऱ्हाडात घड्याळ आले ते अशा नवलाईपोटी नव्हे. त्यापूर्वी आपले लोक काळ मोजत नव्हते असेही नाही. पाण्यावर तरंगणारी तळाला छिद्र असलेली तांब्याची वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे; अशा साठ घटकांचे एक अहोरात्र. लग्नमंडपात ‘घटका भरली’ हे शब्द भटजींच्या तोंडून ऐकताना आपण एका फार जुन्या यंत्राचा निकाल ऐकत असतो, हे वरपित्याच्या ध्यानातही येत नाही. कचेरीच्या आवारात पहारेकरी धातूची जाड थाळी बडवून वेळ जाहीर करी. त्या थाळीचे नाव ‘तास’, आणि तेच नाव पुढे साठ मिनिटांच्या कालखंडास चिकटले. हे कालमापन गावापुरते होते व गावास पुरत होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचे जिल्हे निझामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडल्याने इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपुरास भिडली, आणि १८७० साली खामगावच्या कापूसबाजाराकडे जाणारा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. गाडी मुहूर्त पाहून सुटत नाही. सरकी काढणाऱ्या जिनांचे आणि गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसांचे भोंगे पहाटे वाजू लागले, मजुराची हजेरी मिनिटावर लागू लागली, मुन्सफाच्या कोर्टात पुकारा झाला त्या क्षणी पक्षकार हजर नसेल तर दावा काढून टाकला जाऊ लागला, आणि मग दलाल, वकील, नाझर, स्टेशनमास्तर या साऱ्यांनाच खिशात एक काळ बाळगणे भाग पडले.

कोणाचा काळ, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णीत राहिला. रेल्वेची वेळापत्रके मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेवर बेतलेली असत. अमरावतीचे रेखांश सुमारे पावणेअठ्ठ्याहत्तर आणि अकोल्याचे सत्त्याहत्तर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने अमरावतीचा सूर्य मद्रासच्या सूर्याहून दहा मिनिटे, तर अकोल्याचा तेरा मिनिटे मागे. म्हणजे अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात माध्यान्हीची आरती ऐन मध्यान्ही सुरू व्हावी, तेव्हा बडनेरा स्टेशनातील घड्याळ बारा वाजून दहा मिनिटे दाखवीत असणार. १ जानेवारी १९०६ पासून संबंध हिंदुस्थानास एक प्रमाण वेळ लागू झाली आणि हे अंतर कमी न होता उलट वाढले: अमरावतीचा सूर्य आज आपल्या मनगटावरील घड्याळाच्या एकोणीस मिनिटे आणि अकोल्याचा बावीस मिनिटे मागे चालतो. मुंबईकरांनी ही नवी वेळ ‘सरकारी’ म्हणून नाकारली आणि मुंबई शहराने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जपली. वऱ्हाडात तसा मोठा विरोध झाल्याचे दिसत नाही. रेल्वेच्या वेळेचा सराव आपल्याला आधीच झालेला होता.

खिशातला हा काळ पुरवण्याचे काम स्विसांकडे कसे गेले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जिनिव्हात १५४१ पासून कॅल्व्हिन या कठोर धर्मसुधारकाचा अंमल सुरू झाला व त्याने दागदागिन्यांवर बंदी घातली. सोनारांची दुकाने बसली. पण घड्याळ ही चैन नसून उपयोगाची वस्तू आहे, असा युक्तिवाद करण्यास जागा होती, आणि फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांच्या पोटात घड्याळाची विद्या होती. सोनाराचा हात आणि निर्वासिताची विद्या एकत्र आल्या. १६०१ साली जिनिव्हात घड्याळजींचा संघ स्थापन झाला. पण ही कला सामान्यांच्या हाती गेली ती जुरा पर्वतात. तेथे सहा-सहा महिने बर्फ पडे, शेतकऱ्यास घराबाहेर काम नसे. दानिएल झांरिशार नावाच्या ल लोक्ल परिसरातील एका मुलाने वाटसरूचे बिघडलेले इंग्रजी घड्याळ दुरुस्त केले आणि ते पाहून स्वतःचे रचले, अशी एक कथा तिकडे मोठ्या भक्तिभावाने सांगतात. कथेचे असो, पण ज्या पद्धतीने तेथे पुढे काम चाले ती खरी आणि विलक्षण होती. एका शेतघरात नुसत्या खिळी घासल्या जात, दुसऱ्यात चक्रांना दाते पाडले जात, तिसऱ्यात काटे निळे केले जात, आणि व्यापारी हे सारे गोळा करून जुळणी करी. आपल्या विणकरवाड्यांत एकाने कांडी भरावी, दुसऱ्याने ताणा लावावा आणि तिसऱ्याने माग चालवावा, तसाच हा संसार. अमेरिकेच्या अवजड कारखान्यांना जे लवचिक काम साधेना ते या खेडुतांना साधले: गिऱ्हाईक मागेल तसे, त्याच्या ऐपतीप्रमाणे.

ऐपतीची बाब महत्त्वाची आहे. १८६७ साली जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ याने ला शो-द-फाँ येथे कामकऱ्यासाठी वीस फ्रँकांत विकता येईल असे ओबडधोबड पण भरवशाचे घड्याळ काढले, आणि त्याच्या बऱ्यावाईट नकला जगाच्या बाजारात पुढे पन्नास वर्षे खपत राहिल्या. ‘स्विस आहे म्हणजे मोलाचे आहे’ असे मानणाऱ्याने हे घड्याळ एकदा उघडून पाहावे. एकाच खोऱ्यातून राजाचे घड्याळ निघे आणि हमालाचेही निघे.

हिंदुस्थानात या व्यापाराने दोन पेढ्यांच्या रूपाने मूळ धरले. अब्राहम फाव्र याने १७३७ साली ल लोक्लमध्ये ज्या घराण्याचा पाया घातला, त्या फेवर-ल्युबा घराण्याने १८६५ पासून हिंदुस्थानशी थेट संबंध जोडला. दुसरी पेढी वेस्ट एंड वॉच कंपनी. तिचा जन्म १८८६ चा आणि मुंबईचा, आणि तिची यंत्रे येत जुरातील सेंट इमिए येथून, जिथे लाँजीनचाही कारखाना आहे. नाव लंडनचे, हात स्विस, दुकान मुंबई-कलकत्त्याचे आणि गिऱ्हाईक हिंदी, असा हा चौरंगी संसार होता. तिने आपल्या घड्याळांना दिलेली नावेच पाहा: एक ‘क्वीन अॅन’, एक ‘मॅचलेस’, आणि सर्वांत लोकप्रिय ‘सोवार’, म्हणजे आपला फारशीतून आलेला सवार, घोडेस्वार! पलटणीतील हवालदारास, पोस्टातील बाबूस आणि रेल्वेच्या गार्डास आपलेसे वाटेल असे नाव स्विस माणसाने शोधावे, यातच त्याच्या व्यापारी चातुर्याचे मर्म आहे. १८९७ साली अमरावतीस शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा त्या मंडपातील वकील मंडळींच्या अंगरख्याच्या गुंडीपासून खिशापर्यंत ज्या साखळ्या लोंबत असतील, त्यांच्या टोकाशी बव्हंशी हेच देशी नावाचे वा इंग्रजी नावाचे स्विस घड्याळ असणार, असा माझा तर्क आहे. मात्र तो तर्क म्हणूनच घ्यावा.

या घड्याळांना वऱ्हाडात एका शत्रूशी सामना करावा लागला, आणि त्याची कथा मला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक रोचक वाटते. तो शत्रू म्हणजे आपला उन्हाळा. धातू तापला की वाढतो. भिंतघड्याळाच्या लंबकाचा दांडा पोलादाचा असेल तर एका अंशाच्या उष्णतेने घड्याळ दिवसाकाठी सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. पौषातल्या पहाटे अकोल्याचा पारा बारा अंशांवर असतो आणि वैशाखाच्या दुपारी पंचेचाळीसावर चढतो. तेहतीस अंशांचा फरक धरला तरी नुकसान सोळा-सतरा सेकंदांचे. भिंतीवरच्या घड्याळास ते सहज पचते. पण खिशातल्या घड्याळात लंबक नसतो. तिथे एक चाक पुढे-मागे झोके घेते आणि केसासारखी बारीक कमान त्याला परत ओढते. कारागीर तिला बालकमान म्हणतात. सेकंदाला पाच झोके, म्हणजे दिवसाला चार लक्ष बत्तीस हजार. उष्णतेने ही पोलादी कमान नुसती लांबत नाही, ती लेची पडते, तिचा ताठा जातो, आणि त्यामुळे एका अंशाला सुमारे अकरा सेकंदांची तूट येते. तेहतीस अंशांचा हिशेब केला तर दिवसाला सहा मिनिटे! अर्थात खिसा माणसाच्या अंगाला लागून असतो आणि अंगाची उष्णता बारमाही सारखीच, म्हणून प्रत्यक्षात इतकी तूट येत नसे. पण रात्री खुंटीवर टांगलेले घड्याळ आणि दुपारी स्टेशनच्या फलाटावर तापलेले घड्याळ यांत फरक पडल्यावाचून राहत नसे.

प्रथम यावर तोड काढली गेली ती चाकाच्या रचनेत. आतून पोलाद आणि बाहेरून पितळ अशा दोन पट्ट्या एकजीव करून चाकाचा घेर बनवीत आणि तो दोन ठिकाणी कापून मोकळा सोडीत. उष्णतेने पितळ अधिक वाढे, घेराची मोकळी टोके आत वळत, चाक जणू अंग चोरून घेई आणि कमानीचा ढिलेपणा भरून निघे. जुन्या घड्याळाचे झाकण उघडल्यावर असे कापलेले, कडेला सोनेरी स्क्रूंची माळ असलेले चाक दिसले, तर समजावे की करणाऱ्याने मेहनत वाचवलेली नाही. दुसरा आणि निर्णायक उपाय काढला तो शार्ल एदुआर गिय्योम याने. हा १८६१ साली जुरातील फ्लरिए गावी घड्याळजींच्या घराण्यात जन्मला, शास्त्रज्ञ झाला, पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत गेला, आणि लोखंड व निकेल यांच्या मिश्रणातून त्याने १८९६ साली उष्णतेने जवळपास न वाढणारा ‘इनव्हार’ व पुढे उष्णतेने ताठा न गमावणारा ‘एलिनव्हार’ हे धातू शोधून काढले. १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. घड्याळजीच्या मुलाने घड्याळाचे दुखणे बरे केले. त्याला अकोल्याचा वैशाख ठाऊक असण्याचा संभव नाही, पण या मुलखातील गार्डाने आणि तारमास्तराने त्याचे ऋण मानावयास हरकत नाही.

दुसरा शत्रू उन्हाहून लबाड: धूळ आणि कापसाची तूस. अमरावतीच्या एका वृद्ध घड्याळजींनी, ज्यांना सारा बाजार उस्ताद म्हणतो, मला चिमट्याच्या टोकावर एक राखाडी लव धरून दाखवली होती आणि ते म्हणाले होते की जिनात काम करणाऱ्याचे घड्याळ मी न विचारता ओळखतो. भिंगातून पाहिले तर त्या लवेस तेल लागून तिचा चिकट दोरा झाला होता. जिथे माणकाच्या बारीक भोकात पोलादी टोक फिरते, तिथे हा दोरा बसला की माणीक शाबूत राहते आणि टोक झिजते. ‘सतरा ज्वेलचे’ म्हणून ज्यांचा डांगोरा पिटला जातो ती माणके म्हणजे दागिना नव्हे, तो बेअरिंगचा प्रकार आहे. बहुतेक माणके कृत्रिम असतात व त्यांची किंमत मोडीत शून्य होते, हे भाबड्या विक्रेत्यांना सांगून सांगून उस्तादांचा घसा बसला आहे.

तर मग मोल कशात? पुन्हा त्या देशमुखी वाड्यात जाऊ. अन्सोनियाचा निकाल ऐकून यजमानांचा चेहरा उतरला, हे आतून पाहणाऱ्या त्यांच्या पत्नीच्या ध्यानी आले असावे. त्या देवघरातून एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. ‘हे भी पाहा जी भाऊ, मामाजीचं हाये. बंद पडेल हाये, लेकरं खेयतेत त्याच्याशी.’ डबीत कापसात गुंडाळलेले, काळे पडलेले चांदीचे खिशातले घड्याळ होते. पुढचे झाकण खटक्याने उघडले. पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर केसाएवढी एकच चीर, आणि वर लिहिलेले: ‘वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता’. मागचे झाकण नखाने उचलले. आतल्या चांदीत, तिळाएवढ्या ठशात, एक अस्वल उभे होते.

हे अस्वल म्हणजे स्विस सरकारची मोहोर. १८८० च्या कायद्याने त्या देशाने चांदी-सोन्याच्या कसासाठी चित्रे ठरवून दिली: हजारात ८७५ भाग चांदीस अस्वल, ८०० भागांस एक रानकोंबडा, चौदा कॅरेट सोन्यास खार आणि अठरा कॅरेटास हेल्व्हेशिया देवीचे मस्तक. अक्षरे कोणालाही कोरता येतात. तबकडीवरचे नाव तर दुकानदाराचेच असते. पण झाकणातले अस्वल, यंत्रावरील कारखान्याचे चिन्ह आणि झाकण व यंत्र यांच्यावरील क्रमांक यांची एकमेकांशी साक्ष जुळली की घड्याळाच्या कुळाविषयी शंका उरत नाही. ही शहानिशा आधी, किंमत मागाहून.

किमतीत सर्वांत मोठा वाटा तबकडीचा असतो, आणि सर्वांत अधिक अत्याचार होतो तोही तिच्यावरच. मुंबईच्या बाजारात जुनी स्विस यंत्रे मोडक्या पेट्यांतून काढून, त्यांवर भडक निळ्या-लाल रंगाच्या नव्या तबकड्या बसवून, जुन्या नावांनी विकण्याचा धंदा इतका बोकाळला की परदेशी संग्राहकांनी त्या मालाचे ‘मुंबई स्पेशल’ असे नावच पाडले आहे. फेवर-ल्युबाची सी-किंग, सी-चीफ ही घड्याळे, ज्यांच्याशिवाय साठ-सत्तर वर्षांपूर्वी वऱ्हाडातला नवरदेव बोहल्यावर चढायला तयार नसे, या उद्योगाची विशेष बळी ठरली. पिवळी पडलेली, डागाळलेली, पण कारखान्यातून निघालेली तबकडी ही रंगवलेल्या तबकडीहून कितीतरी पटींनी मोलाची. आणि झाकण पॉलिशने घासून कोरीव रेषा बोथट केल्या तर चांदी चकाकते, मोल उतरते. हे ऐकून पुष्कळ गृहस्थ दुखावतात, कारण नुकतेच दिवाळीत त्यांनी ते पितांबरी लावून घासलेले असते.

दुसरा वाटा मालकाच्या इतिहासाचा. महात्मा गांधींचे झेनिथ कंपनीचे, गजर असलेले खिशातले घड्याळ ल लोक्लमध्येच बनलेले. ते १९४७ साली कानपूर स्टेशनात चोरीस गेले आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन परत केले. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हेच घड्याळ, चष्मा, चपला आणि जेवणाची वाटी-थाळी यांसह, अठरा लक्ष डॉलरला विजय मल्ल्या यांनी घेतले. त्याच नमुन्याचे, त्याच कारखान्याचे, तितकेच सुस्थितीतले पण निनावी माणसाचे झेनिथ बाजारात या रकमेच्या नखाएवढ्या तुकड्यास जाईल. हे टोकाचे उदाहरण खरे. तथापि ‘अमुक साली, अमुक जिनाच्या हिशेबनिसाने, अमुक कारणास्तव घेतले’ अशी एक पावती किंवा चोपडीतील एक जमाखर्ची नोंद हाती असेल तर सामान्य घड्याळही निनावी राहत नाही. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये ती खाजगी इसमास देशाबाहेर पाठवता येत नाही, याचीही परदेशी गिऱ्हाइकाच्या आश्वासनांनी भुलणाऱ्यांनी खातरजमा करून घ्यावी.

या व्यापाराचा अस्त थोडक्यात सांगता येतो. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, स्विस घड्याळ चोरट्या वाटेने किनाऱ्यावर उतरू लागले. १९६१ साली बंगळुरास सरकारी एच. एम. टी. ने जपानी सहकार्याने घड्याळे बनवावयास आरंभ केला. आणि २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले, त्याने तर खुद्द स्वित्झर्लंडचीच कंबर मोडली. तेथील नव्वद हजारांच्या आसपास असलेले घड्याळ-कामगार पंधरा वर्षांत तीस हजारांच्या घरात आले. २०११ साली फेवर-ल्युबा हे नावच आपल्या टायटनने विकत घेतले. ज्या घराण्याने येथे घड्याळे विकली ते घराणेच येथे विकले गेले!

अकोल्याचे ते चांदीचे घड्याळ मी यजमानांच्या संमतीने अमरावतीस उस्तादांकडे नेले. मुख्य कमान शाबूत होती. सुकून गोंद झालेले तेल तेवढे धुवावे लागले. चौथ्या दिवशी ते चालू लागले. परत देताना मी एकच विनंती केली, आणि ज्यांच्या घरी असे घड्याळ असेल त्या प्रत्येक वाचकालाही तीच करतो: तबकडीला हात लावू नका, आणि घरातील जुनी माणसे हयात आहेत तोवर, ते कोणी घेतले, कोणत्या नोकरीत वापरले, कोणाकडून कोणाकडे आले, एवढे शाईने एका कागदावर लिहून डबीत ठेवा. वहिनींनी नातवाकडून तो कागद त्याच संध्याकाळी लिहून घेतला. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र त्या घरात अजूनही सुईसच म्हणतात.